दंडाचा रकाना

ठराव एकमताने झाला, असं मिनिट बुकात लिहिलंय.
खरं म्हणजे खजिनदार गुंजाळकाका
बोटातली अंगठी फिरवत बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, वर्षाचे अकराशे चाळीस रुपये,
ते कुठून आणायचे?
मी म्हटलं, काका, ते वसूल करायला आपण
छपाई धरून तेराशेची पोस्टकार्डं पाठवतो.
यावर चहा आला.

कन्नमवार नगर, एकशे बारा नंबरच्या इमारतीखाली
आमचं वाचनालय: दोन गाळे, मधली भिंत पाडलेली.
इथे एकवीस वर्षं मी
दिवसाला पन्नास पैसे, मग रुपया, मग दोन
अशा भावाने उशीर मोजला.
बिस्किटाच्या डब्याला वरून चीर पाडली होती.
पडणाऱ्या नाण्याच्या आवाजावरून मला कळायचं
रुपयाचं की पाचाचं.
रिकामा खिसा चाचपल्याचा आवाजही कळायचा.
तो डब्यात पडत नाही.

सिद्धोधन गमरे, सातवी ब, कार्ड नंबर सहाशे चौदा.
बुद्धिबळावरचं एक पातळसं पुस्तक, अठरा रुपये दंड.
उद्या आणतो म्हणाला.
पुस्तक टेबलावर ठेवून गेला,
दंड आणायला म्हणून गेला तो गेलाच.
पुढे कित्येकदा दिसायचा
समोरच्या फुटपाथवरून जाताना,
मान औषधाच्या दुकानाकडे वळवलेली,
जणू घरात रोज कुणी आजारी आहे.
नियम मी केला नव्हता.
पावती मात्र माझ्या अक्षरात होती,
खालचा कार्बनसुद्धा.

बोर्ड लावला: उशिरा आलेल्या पुस्तकावर दंड नाही.
आठवडाभर कुणी वाचला नाही,
किंवा वाचून विश्वास ठेवला नाही.
मग डिसाबाई आल्या, पाककृतींचं पुस्तक घेऊन,
नऊ वर्षांचं, हळदीचा अंगठा उमटलेलं.
मग मुकादमांची शिरीन, उशीच्या अभ्र्यात तीन.
मग एक गृहस्थ नुसतेच दारात उभे राहिले,
खरंच काही घेणार नाही ना, असं दोनदा विचारून
घरी गेले आणि रिक्षातून खोकं घेऊन आले.

नवं रजिस्टर छापणाऱ्याने जुन्या नमुन्यावरच छापलं.
नाव, क्रमांक, दिनांक, दंड.
पहिल्या पानावर मी तांबड्या शाईने रेघ ओढली,
दुसऱ्यावर हात थांबला.
लोक आता न विचारता सांगायला लागले होते
आणि रकाना रिकामाच होता.

'शिबिरात जाताना बांधलं. चार वर्षं गाठ सोडली नाही.'
'शेवटचं प्रकरण ठेवलं होतं. मुद्दाम.'
'सासूबाई म्हणायच्या, दिवा लावून काय वाचतेस.
त्या गेल्या. मग वाचलं.'
'बाबा वाचत होते. एकशे सहा पानावर तिकिटाची खूण आहे.
काढू नका.'
काढली नाही.
'विसरले', असं एक मुलगी इतकी मान वर करून म्हणाली
की मी तो शब्द दोनदा अधोरेखित केला.

गुंजाळकाकांनी चश्मा कपाळावरून खाली घेतला,
पानं उलटली, अंगठी फिरवली.
हे हिशेब तपासनीसाला काय म्हणून दाखवायचं?
जमा म्हणून दाखवा, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. पण पुढचं पान वाचलं.

सहाशे चौदाचं कार्ड खणात आहे.
आता तो तिशीचा असेल, दाढी असेल,
बुद्धिबळ सुटलंही असेल.
समोरून कुणी औषधाच्या दुकानाकडे बघत गेलं
की मी उगाच उठते, कपाट झटकते.

दाराची दुसरी झडप वर्षानुवर्षं बंदच असायची,
कडी गंजलेली. ती परवा तेल घालून उघडली.
वारा येतो, टेबलावरच्या पावत्या उडतात.
त्या आता उडाल्या तरी चालतात.